स्टॅम्पर विरुद्ध लेडबेटर

व्हर्जिल स्टॅम्परने उभ्या आयुष्यात कुणावर केस केली नव्हती. शेजाऱ्याच्या गाईंनी कुंपण तोडून मका खाल्ला तेव्हा नाही, आणि लाकडाच्या गिरणीत डाव्या हाताचं बोट गेलं तेव्हाही नाही. म्हातारपणी एकदाच केली आणि ती थेट सरकारवर केली. पण त्या केसचा कागद टपालाने घरी आला आणि व्हर्जिलने चष्मा लावून तो वाचला, तेव्हा त्यात सरकार नेमकं कुठे आहे तेच त्याला सापडेना. वर ठळक अक्षरांत एवढंच होतं: स्टॅम्पर विरुद्ध लेडबेटर.

"ओनिटा," त्याने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "हा लेडबेटर कोण गं?"

ओनिटा ओट्यावर बिस्किटांचं, म्हणजे जाड मऊ पावांचं, पीठ थापत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "कोण म्हणजे? गेल्या शनिवारी मासळी जेवणात तुझ्या शेजारी बसून सहावा मासा उचलला तोच. ह्या सगळ्या डोंगरांत दुसरा लेडबेटर आहे का?"

"पण मी कॉयवर कुठे केस केलीय? मी सरकारवर केलीय."

"मग सरकारचं नाव कॉय असेल," असं म्हणून तिने थाळी भट्टीत सरकवली.

कॉय लेडबेटर हा केन फोर्क तलावाचा मुख्य रेंजर. तलाव, त्याच्या काठची सगळी जमीन, तंबू ठोकायच्या जागा, होड्यांचे धक्के, हे सगळं त्याच्या ताब्यात. व्हर्जिलपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बायको वारलेली, मुलगी दूर ओक्लाहोमात. दर गुरुवारी त्याची सुट्टी असे आणि दर गुरुवारी तो व्हर्जिलच्या होडीत असे. गावाला तलावावर त्या दोन टोप्या एकत्र दिसल्या नाहीत, तर कुणीतरी आजारी आहे असं लोक धरून चालत.

आता केस कशावरून झाली ते सांगायला हवं, कारण व्हर्जिलला ते नीट सांगता येत नसे. तो मध्येच भलतीकडे जाई. तलाव बांधला सैन्याच्या इंजिनिअरांनी. म्हणून काठची जमीन त्यांच्या खात्याची, आणि त्या जमिनीवर भरलेली बंदूक न्यायची नाही असा खात्याचा नियम. व्हर्जिलच्या दारापासून तंबूच्या जागेपर्यंत जायचं तर आधी काउंटीचा रस्ता, तिथे पिस्तूल चालतं. मग सरकारी जंगल, तिथेही चालतं. मग एक पांढरा खांब, आणि खांबापलीकडे चालत नाही. झाडं तीच, डास तेच, सरकारही तेच. सैन्याच्याच जमिनीवर बंदुकीला बंदी ही गोष्ट व्हर्जिलच्या डोक्यात कधी शिरली नाही. पण खांबावर पाटी होती आणि पाटी लावणारा कॉय होता, म्हणून दर जूनमध्ये तंबू टाकायला जाताना तो आपलं मोठं पिस्तूल घरच्या कपाटात ठेवून जाई.

मागच्या जूनमध्ये व्हर्जिल बर्फ आणायला गेलेला असताना एक झिंगलेला परका माणूस तंबूची चेन फाडून आत घुसला. आत ओनिटा एकटी होती. तिने हाताला लागला तो बिडाचा तवा त्याच्या कानशिलावर हाणला, आणि तो तसाच तोल जात बाहेर पळाला. कॉयने त्याला धक्क्यावरच धरला. प्रकरण मिटलं, पण ओनिटाचे हात त्यानंतर कितीतरी दिवस कपबशी धरताना थरथरत. ते हात बघून व्हर्जिलला आपलं कपाटातलं पिस्तूल आठवे.

तो हे ज्युएलच्या कॅफेत बसून बोलला. त्याच्या मते तो नुसतं कॉफीबरोबर कुरकुरत होता. पण कुरकुरीला पाय असतात. पानगळीच्या सुमारास मिस हॅव्हर्टी नावाची एक तरुण वकील लांबून गाडी हाकत त्याच्या अंगणात येऊन उतरली. बंदूक बाळगायच्या हक्कासाठी केसेस लढणारी एक संस्था होती, तिची ती वकील. पैसे नकोत म्हणाली. फक्त माणूस हवा. परवाना असलेला, कधी तुरुंगात न गेलेला, चर्चला जाणारा, आणि दर वर्षी त्याच जागी तंबू ठोकणारा.

"तुमच्यासारखाच माणूस आम्ही शोधत होतो, मिस्टर स्टॅम्पर," ती म्हणाली.

व्हर्जिलला आजवर कुणी शोधत आलं नव्हतं. तो चढला हरभऱ्याच्या झाडावर आणि सही करून मोकळा झाला.

कागद आला त्याच दिवशी दुपारी कॉयची सरकारी गाडी अंगणात थांबली. त्याच्याही हातात तसाच कागद होता. व्हर्जिल ओसरीवर उभा राहिला, पण पाय पुढे टाकावा की मागे हे त्याला ठरवता येईना.

"व्हर्जिल," कॉय खालूनच म्हणाला, "मला कोर्टात खेचायचंच होतं तर आधी एक फोन करायचास. दाढी तरी करून ठेवली असती."

"अरे, मी तुझ्यावर नाही केली. वॉशिंग्टनवर केली."

"मग वर माझं नाव कसं?"

"ते... ते तुझं नाव नाही. म्हणजे तुझंच आहे, पण तुझ्या पदाचं. बाईंनी मला फोनवर समजावलं. खुर्चीवर केस आहे, तुझ्यावर नाही."

"बरं. मग खुर्चीला पाठवून देतो कोर्टात, मी आपला मासे मारायला जातो." कॉय हसला आणि पायऱ्या चढून येऊन बसला. ओनिटाने न विचारता गोड चहाचा बर्फ घातलेला पेला त्याच्या हातात दिला. "मिस ओनिटा, तुमच्या नवऱ्याला वकील लाभलाय. आता तो तुमचंही ऐकायचा नाही."

"आधी तरी कधी ऐकलंय?" ती म्हणाली.

"पण कॉय," व्हर्जिल म्हणाला, "तुला स्वतःला तो नियम कसा वाटतो?"

"मत बाळगायचा मला पगार मिळत नाही. दोन वर्षांनी पूर्ण पेन्शन मिळेल. मग तुझ्या होडीत बसून काय ती सगळी मतं एकदम सांगतो."

व्हर्जिलचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, चला, झालं ते झालं, काही बिघडलेलं नाही. पण संध्याकाळी मिस हॅव्हर्टीचा फोन आला. केस चालू आहे तोवर लेडबेटरशी एक अक्षर बोलायचं नाही, तिने बजावलं. कॉयलाही त्याच्या खात्याच्या वकिलांनी तेच बजावलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण दोघांना वेगवेगळे वकील.

मग गुरुवारचं काय? पहिल्या गुरुवारी व्हर्जिल आपली होडी घेऊन नेहमीच्या खाडीत गेला. बघतो तर कॉय दुसरी होडी घेऊन तिथे आधीच बसलेला. खात्याने बोलू नका म्हटलं होतं, मासे मारू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. दोघांनी अंतर ठेवून गळ टाकले. बराच वेळ गेला. मग कॉय पाण्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "आज क्रॅपी खोल आहेत."

व्हर्जिल घाबरून इकडेतिकडे बघू लागला. खाडीत बगळ्याखेरीज कुणी नव्हतं. "हे बोलणं झालं का रे?" त्याने विचारलं.

"मी माशांशी बोलतोय."

"मग ठीक आहे," व्हर्जिल म्हणाला, आणि त्यानेही माशांना सांगितलं की दुपारनंतर ते वर येतील. तेवढ्यावर दोघांचा तो हिवाळा निभावला. घरी आल्यावर ओनिटा विचारी, "काय म्हणाला कॉय?" आणि व्हर्जिल सांगे, "काही नाही. पण बरा दिसला."

हिवाळ्यातच प्रतिज्ञापत्राचं काम झालं. मिस हॅव्हर्टीने व्हर्जिलला समोर बसवून समजावलं. कोर्टाला काय पटवायचं, तर व्हर्जिलला तलावावर बंदूक न्यायची फार इच्छा आहे, नियम नसता तर त्याने नक्की नेली असती, पण नियम आहे म्हणून त्याने ती कधीही नेलेली नाही.

"म्हणजे बाईसाहेब, मला मोडायचा आहे पण मी मोडलेला नाही, असं."

"बरोबर."

"आणि मोडला असता तर?"

"तर तुम्ही गुन्हेगार. मग न्यायाधीश तुमचं ऐकेल का?"

"आणि मोडायची इच्छाच नसती तर?"

"तर तुमचं नुकसान काय झालं? मग केसच नाही."

व्हर्जिलने डोकं खाजवलं. चर्चमध्ये त्याने उलटं ऐकलं होतं, की पापाची इच्छा धरली तरी ते पापच. पण हे कोर्ट होतं. त्याने उजवा हात वर करून शपथ घेतली की आपण केन फोर्कच्या जमिनीवर आणि पाण्यावर आजवर कधीही बंदूक नेलेली नाही. खोटं बोलतोय असं त्याला तिळभरही वाटलं नाही, कारण मोठं पिस्तूल खरंच कपाटात असे.

वसंत लागला. सुनावणीची तारीख पडली. गावात व्हर्जिल आता मोठा माणूस झाला होता. ज्युएल त्याच्या कॉफीचे पैसे घेईना. एका सकाळी कॅफेत एक नवा माणूस बसला होता, शहर सोडून तलावाकाठी घर घेतलेला. ज्युएलने बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता त्याला गावातल्या सगळ्या गोष्टी ऐकवायला घेतल्या, आणि ओघाने होडीच्या भोकाची गोष्ट निघाली. ती तर निघायचीच. प्रत्येक मासळी जेवणात ती निघे आणि प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसत.

"हा व्हर्जिल आणि आपला रेंजर कॉय," ज्युएल सांगू लागली, "विलोच्या फांद्यांखाली होडी लावून बसलेले. वरून पडला कापूसतोंड्या, विषारी साप, हा मनगटाएवढा, सरळ कॉयच्या मांडीवर! कॉय पुतळा झाला. साप मांडीवरून उतरून होडीच्या तळाशी गेला. आणि आमच्या ह्या वीराने काय करावं? पेटीतनं काढली बंदूक आणि घातल्या तीन गोळ्या! साप गेला पोहत. होडी गेली बुडत. दोघे काठापर्यंत कॉफीच्या डब्याने पाणी उपसत आले, आणि कॉयने भोकात आपला पायमोजा कोंबलेला!"

सगळे खो खो हसले. नवा माणूस हसला. व्हर्जिलही हसला, नेहमी हसे तसाच, टेबलावर हात आपटून. आणि हसता हसता त्याचा हात वरच राहिला.

पेटीतनं काढली बंदूक.

त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे पुसत लोक परत बिस्किटांकडे वळले होते. ह्याच लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या, तू कधी नियम मोडला नाहीस म्हणून तुझी केस भक्कम आहे असं सांगितलं होतं, आणि ह्याच लोकांना ही गोष्ट पाठ होती. त्यांची तरी काय चूक? त्या डोंगरांत सापाची बंदूक ही बंदुकीत मोजत नाहीत. ती गळांच्या पेटीत असते, जशी पक्कड असते, जसा मासे सोलायचा सुरा असतो. व्हर्जिलच्या बापाच्या पेटीत होती, ती त्याच्याकडे आली. कुणी त्याला विचारलं असतं की तुझ्याकडे बंदुका किती, तर त्याने मोठं पिस्तूल सांगितलं असतं, हरणाची रायफल सांगितली असती आणि हिला विसरला असता. मिस हॅव्हर्टीने विचारलं तेव्हा विसरलाच की!

तो बाहेर आपल्या गाडीपाशी गेला. मागच्या फळीवर गळांची पेटी होती. वरचा कप्पा उचलला. खाली, तेलकट फडक्यात, बापाचं बावीस कॅलिबरचं छोटं रिव्हॉल्व्हर. भरलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. जी गोष्ट तलावावर न्यायचा हक्क मिळावा म्हणून तो सरकारशी भांडत होता, ती तीस वर्षं तिथे दर गुरुवारी ये-जा करत होती.

त्याने पेटी मिटली आणि तिच्यावरच बसला. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या दिवशी होडीत कॉय होता. पायमोजा कॉयचा होता. सुट्टीवर असला तरी तो रेंजर होता, त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावर बंदी असलेली बंदूक उडाली होती, आणि त्याने ना दंड केला ना कुणाला कळवलं. इतकंच काय, दर वर्षी तो स्वतः ती गोष्ट सांगून हसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस हॅव्हर्टीला फोन लावला. "बाईसाहेब, समजा हं. समजा, सापाची बंदूक असली. तर ती बंदूक धरायची का?"

पलीकडून उलटा प्रश्न आला. "त्यातून गोळी सुटते?"

"सुटते."

"मग ती बंदूक, मिस्टर स्टॅम्पर. हे समजाच आहे ना?"

"समजाच आहे."

"मग समजा तुम्ही ती तलावावर नेली असेल, तर तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, आणि मला ते कोर्टात दुरुस्त करावं लागेल. मग सरकारी वकील विचारणार, तेव्हा तिथे कोण होतं. आणि तिथे समजा एखादा रेंजर असेल, त्याने बघूनही काही केलं नसेल, तर त्याची नोकरी जाते. दुरुस्त केलं नाही तरी सुनावणीत लेडबेटरला शपथेवर हा प्रश्न विचारणारच आहेत. तो पहिलाच प्रश्न असतो. मिस्टर स्टॅम्पर, आता तर त्याच्याशी अजिबात बोलू नका. माशांबद्दलसुद्धा नाही. साक्षीदाराला पढवल्याचा आरोप येईल."

व्हर्जिलने फोन ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध तो. खरं सांगावं तर कॉय जातो. गप्प बसावं तर कॉयला शपथेवर खोटं बोलावं लागतं, आणि कॉयला खोटं बोलता येत नसे. पत्त्यांत वाईट पानं आली तरी त्याचं तोंड पडे. तो खरंच सांगणार. म्हणजे तसाही कॉयच जातो. व्हर्जिलने हे सगळं बोटांवर मोजून पाहिलं, नऊच बोटं असल्यामुळे की काय, पण हिशोब काही जुळला नाही.

"कॉयकडे जा," ओनिटा म्हणाली. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. "आत्ता जा. दोघं मिळून ठरवा काय करायचं ते."

"वकील नको म्हणतेय. आरोप येईल म्हणते."

"वकील काय आपल्या घरी जेवायला येणार आहे? तुला ताप आला तेव्हा वकिलाने तुझ्या कोंबड्या राखल्या होत्या का?"

"ओनिटा, ही केस तुझ्यासाठी केली ना मी? तुझे हात—"

"माझे हात!" ती उसळली. "मी घाबरले होते, व्हर्जिल. मला वाटलं होतं तू माझ्याजवळ बसशील. तू गेलास कॅफेत. मग आली वकीलबाई. मी कोर्ट मागितलं नव्हतं रे तुझ्याकडे."

व्हर्जिलने टोपी काढली आणि परत घातली. त्याला वाटलं होतं की निदान एवढी एक गोष्ट तरी आपल्याला स्वच्छ कळलेली आहे.

गुरुवार आला. कॉयची होडी खाडीत होती. आज त्याने गळ टाकलेला नव्हता. व्हर्जिलला पाहताच त्याने वल्हं मारलं आणि होडी जवळ आणली, इतकी जवळ की त्याच्या टोपीवरचा घामाचा डाग दिसला.

"व्हर्जिल," तो म्हणाला. माशांशी नाही, सरळ त्याच्याशी.

व्हर्जिलला वकीलबाईंचे शब्द आठवले. साक्षीदाराला पढवल्याचा आरोप. कॉयच्याच अंगाशी येईल ते, त्याला वाटलं. त्याने मान हलवली, इंजिनाची दोरी ओढली आणि होडी खाडीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मागे वळून पाहिलं तर कॉय तिथेच, वल्हं मांडीवर आडवं धरून बसलेला.

पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. कॉय जवळ आला, म्हणाला, "अरे, दोन मिनिटं." व्हर्जिलने दोरी ओढली. त्या दिवशी इंजिन लवकर पेट घेईना. तीनदा, चारदा ओढावी लागली, आणि तेवढा सगळा वेळ कॉय त्याच्याकडे बघत होता. व्हर्जिलने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपण मित्राला वाचवतोय असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खरं आहे की नाही हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने ठरवलं, केस मागे घ्यायची. केसच नाही तर सुनावणी नाही, सुनावणी नाही तर प्रश्न नाही. इतकं सोपं होतं! पण मग शुक्रवारी ज्युएलने त्याच्या नावाने ॲपल पाय भाजला. शनिवारी दोन अनोळखी माणसं हात मिळवायला आली. रविवारी पाद्रीबाबांनी धीराबद्दल प्रवचन दिलं आणि लोकांनी व्हर्जिलकडे वळून पाहिलं. सोमवारी त्याने फोन उचलून ठेवला. मंगळवारी उचललाच नाही. माघार घेतली तर लोक कारण विचारणार, आणि कारण सांगितलं तर कॉयचं नाव येणार. म्हणजे आता माघार घेतल्यानेही कॉयच जातो की काय? त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

सुनावणीच्या आधीचा तो शेवटचा गुरुवार. व्हर्जिल खाडीत गेला तेव्हा पाणी मोकळं होतं. तो थांबला. ऊन डोक्यावर आलं. गळाला एक चांगला क्रॅपी लागला, त्याने तो सोडून दिला. कॉय आला नाही.

रिकामं पाणी बघून व्हर्जिलला एकदम भीती वाटली. त्याने होडी काठाला लावली आणि धक्क्यावरूनच मिस हॅव्हर्टीला फोन केला. "मागे घ्या," तो म्हणाला. "केस. आत्ताच्या आत्ता."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही. "ते तुमचं 'समजा' नुसतं समजा नव्हतं ना?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत अर्ज देते. आम्ही दुसरा माणूस बघू, मिस्टर स्टॅम्पर. आहेत दोघे-तिघे."

"म्हणजे केस पुढे चालणार?"

"चालणारच. फक्त नावं बदलतील."

व्हर्जिलला हायसं वाटावं की अपमान वाटावा हे कळलं नाही. पण एक गोष्ट त्याला पक्की कळली: आता बोलायला मोकळीक होती. त्याने गाडी हाणली ती धरणाच्या भिंतीखाली असलेल्या रेंजरच्या सरकारी घरापाशीच थांबवली. मनात वाक्य तयार होतं. मी केस मागे घेतली, ऊठ, चल, क्रॅपी वर आलेत.

कॉय घराच्या मागच्या दाराशी होता. अंगात गणवेश नव्हता. अंगणात खोकी रचलेली होती, दिवा, घड्याळ, बायकोच्या रजया बांधलेल्या. सरकारी गाडी जागेवर नव्हती.

"मी केस मागे घेतली," व्हर्जिल म्हणाला.

कॉयने हातातलं खोकं खाली ठेवलं. "कधी?"

"आत्ता. तासाभरापूर्वी. आता तुला कुणी काही विचारणार नाही. तो साप, ती होडी, काही—"

"मी सांगून टाकलं," कॉय म्हणाला. "सोमवारी. वरच्या साहेबांकडे जाऊन."

"काय सांगून टाकलंस?"

"सगळं. बंदूक पेटीत असते, मला माहीत आहे, तीस वर्षं. त्यांनी विचारलं, मग दंड का नाही केला? मी म्हटलं, मित्र आहे. त्यांनी ते लिहून घेतलं." तो जरासा हसला. "मी म्हटलं, स्टॅम्परला खोटारडा ठरवू नका. मीच त्याला कधी आठवण करून दिली नाही, म्हणून त्याला ती बंदूक वाटत नव्हती. तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, चौकशी लावू, नाहीतर आजच राजीनामा दे, पेन्शन अर्धी घे. मी अर्धी घेतली. घर शनिवारपर्यंत सोडायचंय. मुलगी म्हणाली, ये इकडेच."

"ओक्लाहोमा?"

"ओक्लाहोमा."

व्हर्जिल दोन पावलं पुढे आला. "अरे, तू तीन दिवस थांबला असतास तर," तो म्हणाला. "नुसते तीन दिवस! मी येणारच होतो. मी मागे घेणारच होतो!"

"मी थांबलो ना, व्हर्जिल. दोन गुरुवार थांबलो. तुझ्या होडीला होडी लावून थांबलो. मला एवढंच विचारायचं होतं, काय करूया. तू दोरी ओढलीस."

"मला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नियम होता तो."

कॉयने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर व्हर्जिलने सोसला असता.

"तलावावर बंदूक न्यायची नाही हाही नियमच होता," तो म्हणाला. "तो तू माझ्या डोळ्यांदेखत तीस वर्षं मोडलास आणि मी एक शब्द बोललो नाही. माझ्याशी बोलायचं नाही, हा एकच नियम तुला पाळता आला."

मग तो वाकला आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक धरून त्याने ते दारातून बाहेर ओढायला घेतलं. टेबल जड होतं, एकट्याने हलेना. व्हर्जिलने पुढे होऊन दुसरं टोक धरलं. दोघांनी ते उचललं, दारात तिरकं केलं, बाहेर काढलं आणि भाड्याच्या गाडीत चढवलं. मग ते खुर्च्यांसाठी परत आत गेले. आता बोलायला त्यांना कुणाचीही मनाई नव्हती. व्हर्जिलने दोनदा तोंड उघडलं. पण कॉय कुठल्यातरी एका खुर्चीचा सुटलेला पाय नीट बसवत होता, त्याने वर पाहिलं नाही, आणि व्हर्जिल ती खुर्ची धरून नुसता उभा राहिला.